गोठ्यातील हळद : उपयोग आणि मर्यादा

— ऊस विकास अधिकारी



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खत आणि पाणी यांवर लिहावे. हा हळदीवर आणि तीही जनावरांच्या हळदीवर का लिहायला बसला, असे आपणांस वाटेल. कारण सांगतो. लागणीची नोंद घ्यायला किंवा खोडवा बघायला मी आपल्या वस्तीवर येतो, तेव्हा उसाचे बोलणे चहाबरोबर संपते आणि मग गोठ्याची गोष्ट निघते. "साहेब, गाईच्या एका सडातनं पाणीच येतंय." "बैलाचा खांदा सुजलाय, काय लावू?" मी विचारतो, "आतापर्यंत काय लावलं?" बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, "हळद लावलीया."

उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो. तेल-मीठ, पोरांच्या वह्या, दवाखाना हा सगळा खर्च त्या दहा दिवसांच्या पगारावर चालतो. गाईचा एक सड गेला तर घराचे अंदाजपत्रकच कोलमडते. म्हणून हा विषय उसाइतकाच आपला आहे.

हळद लावणे चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण कोणती हळद, कशात कालवून, कुठे आणि किती वेळ, या चार प्रश्नांची उत्तरे माहीत नसतील तर चांगले औषधही तोट्यात घालते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, स्वतःच्या गोठ्यात शिकलो. आधी तेच सांगतो.

माझीच चूक

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. घरी दुसऱ्या वेताची संकरित गाय होती. दोन्ही वेळचे मिळून चौदा लिटर दूध द्यायची. गाळप हंगामाचे दिवस होते, मी रात्रंदिवस तोडणीच्या कार्यक्रमात अडकलो होतो. एका संध्याकाळी आईचा फोन आला, "मागच्या उजव्या सडातनं गाठी येत्यात, कास गरम लागतीया. डॉक्टरला सांगू का?" मी इकडूनच फर्मान काढले, "हळद लावा, थोडी हळद गुळातनं चारा. सकाळी बघू."

दुकानातली हळदीची पुडी पाण्यात कालवून कासेला लावली गेली. गाय लाथ मारत होती म्हणून तो सड पिळायचाही नाही, असे मीच सांगितले. सकाळी मला यायला जमले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गाईने चारा सोडला. चौथ्या दिवशी डॉक्टर आले. गाय वाचली, सड वाचला नाही. पुढच्या वेतापासून ती तीन सडांवर आली आणि चौदाचे दहा लिटर झाले.

डॉक्टर म्हणाले, "हळदीनं काही बिघडलं नाही. तीन दिवस वाट बघितल्यानं बिघडलं, आणि सड न पिळल्यानं." आई त्यांच्यासमोर काही बोलली नाही. नंतर एवढेच म्हणाली, "मी त्याच दिवशी बोलावणार हुते. तू शिकलेला, म्हणून तुझं ऐकलं."

त्यानंतर हळदीची माहिती मी पशुवैद्यकांकडून, दूध संघाच्या लोकांकडून आणि जाणत्या शेतकऱ्यांकडून नीट गोळा केली. ती आपल्यापुढे मांडतो.

हळदीत आहे काय?

आपल्या कृष्णाकाठी ऊस आणि हळद ही जुनी जोडी आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्यापैकी अनेकांनी हळद लावली आहे, शिजवली आहे, पॉलिश केली आहे. पण त्या हळकुंडातला गुण कशात आहे?

हळदीचा पिवळा रंग ज्या पदार्थामुळे येतो त्याला कुरकुमीन म्हणतात. १८१५ साली युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी तो प्रथम वेगळा काढला. वाळलेल्या हळदीत तो जातीप्रमाणे साधारण २ ते ५ टक्के असतो. याशिवाय हळदीत वास देणारे उडून जाणारे तेल असते. शरीरात सूज वाढवणारी जी द्रव्ये तयार होतात, त्यांना कुरकुमीन आवर घालते. प्रयोगशाळेत काही रोगजंतूंची वाढही ते रोखते. जखमेवर हळदीचा उपयोग होतो तो यामुळे.

आता त्याच्या तीन सवयी ध्यानात घ्या. पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

पहिली सवय : कुरकुमीन थंड पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळते. फोडणीत हळद टाकल्यावर तेल कसे पिवळेधमक होते, ते रोज चुलीपुढे दिसते. तीच हळद पेलाभर थंड पाण्यात टाका, बरीचशी तळाला जाऊन बसते.

दुसरी सवय : चुना, साबण, सोडा यांच्या संगतीत ते लाल होते. सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे आपल्या घरातल्या बायकांना विचारा. हळद-चुन्याचे कुंकू याच गुणामुळे होते. चुन्यात ते पाण्यात उतरते खरे, पण फार काळ टिकत नाही, त्याची शक्ती लवकर जाते. म्हणून चुना घातलेला हळदीचा लेप शिळा वापरू नये.

तिसरी सवय : उन्हात ते मरते. हळदीचा डाग पडलेले कापड उन्हात वाळवले की डाग फिका पडतो. म्हणून औषधाची हळद उघड्या ताटलीत गोठ्याच्या खिडकीत ठेवू नये, झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवावी.

जखमेवरच्या हळदीचा अमेरिकेतला खटला

हळद जखमेवर लावतात ही गोष्ट एकदा अमेरिकेत सिद्ध करावी लागली होती. १९९५ साली तिथल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरण्यासाठी हळदीचा वापर' यावर पेटंट मिळाले. म्हणजे जे आपली आजी करत आली, त्यावर दुसऱ्याचा हक्क! आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. त्या वेळी परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. हे ज्ञान जुनेच आहे याचे पुरावे, जुने ग्रंथ आणि १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख यांसह, तिकडे सादर झाले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

यातून एक धडा मला फार मोलाचा वाटतो. "आमच्यात पूर्वीपासून लावतात" एवढे सांगून ते पेटंट रद्द झाले नाही. कुठेतरी कुणीतरी लिहून ठेवले होते, म्हणून झाले. याकडे शेवटी परत येतो.

दगडी : हळदीचा लेप कसा करावा

कासेला सूज येणे, कास गरम व कडक होणे, दुधात गाठी, पाणी किंवा रक्त येणे याला आपण दगडी म्हणतो. डॉक्टर कासदाह म्हणतात. सडाच्या तोंडातून जंतू आत शिरल्याने तो होतो. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने दगडीसाठी हळदीचा एक लेप दूध संघांमार्फत गावोगाव पोचवला आहे. प्रमाण असे :

कोरफड — २५० ग्रॅम (एक मोठे पान)
हळद पूड — ५० ग्रॅम
खायचा चुना — १५ ग्रॅम

कोरफडीचे काटे काढून तुकडे करावेत. तिन्ही जिन्नस पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये एकत्र वाटावेत. लालसर चटणी तयार होते. त्यातली मूठभर चटणी घेऊन दीड-दोनशे मिलिलिटर पाण्यात पातळ करावी. आधी सडातले सगळे खराब दूध पिळून काढावे, कास स्वच्छ धुऊन पुसावी आणि मग पूर्ण कासेला, चारही सडांना लेप लावावा. दिवसातून दहा वेळा, निदान पाच दिवस. दररोज चटणी नवी करावी. जोडीला रोज दोन लिंबे चिरून तीन दिवस चारावीत.

दहा वेळा म्हटल्यावर लोक हसतात. "साहेब, दुसरी कामं हायत का नाहीत?" पण पातळ लेप वाळतो, गळतो, म्हणून तो वारंवार लावावा लागतो. दिवसातून एकदा जाड थर थापून मोकळे होण्यात फारसा अर्थ नाही. घरात कुणी ना कुणी असतेच, पाळी वाटून घ्यावी.

चार पथ्ये सांभाळा :

१) चुना खायचाच घ्यावा, तोही मापून. कळीचा चुना वापरल्यास कासेची कातडी भाजेल. कासेवर भेगा किंवा उघडी जखम असेल तर चुन्याचा लेप लावू नये.

२) आजारी सड दिवसातून अनेकदा पिळून रिकामा करावा. जंतू दुधात वाढतात, दूध आत राहिले की रोग वाढतो. माझी चूक हीच होती.

३) आधी निरोगी सड पिळावेत, आजारी सड शेवटी. आजारी गाय सर्वांच्या शेवटी. त्या सडाचे दूध गोठ्यात सांडू नये, वासराला पाजू नये, डेअरीच्या किटलीत तर मुळीच मिसळू नये. गोठ्यापासून लांब खड्ड्यात ओतून बुजवावे.

४) धार काढण्यापूर्वी लेप पूर्ण धुवावा. दुधात हळद-चुना उतरता कामा नये.

लेप लावून वाट कधी बघू नये

सुरुवातीची सूज, थोड्या गाठी, गाय नीट चारा खाते, रवंथ करते, ताप नाही, अशा वेळी लेप जरूर सुरू करावा. पण खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर त्याच तासाला डॉक्टरांना बोलवा :

— गाय चारा सोडते, सुस्त होते, कान पाडते किंवा बसून राहते.
— अंगात ताप आहे. गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असते. १०३ च्या वर गेले की लक्ष द्यावे. जनावराचा थर्मामीटर गोठ्यात असावा.
— सडातून रक्त किंवा घाण वास येणारे पाणी येते.
— कास गरम असायची ती थंड पडते, काळी-निळी दिसते. याला क्षणाचाही उशीर परवडत नाही.
— गाय नुकतीच व्याली आहे.
— लेप नीट लावूनही २४ तासांत काहीच फरक नाही.

डॉक्टर येईपर्यंत सड पिळणे चालू ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

डॉक्टरांनी प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक दिले तर सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करा. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून अर्ध्यावर सोडले की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. गेल्या खेपेची उरलेली ट्यूब आपल्याच हाताने सडात सोडणे तर त्याहून वाईट. औषध चालू असताना आणि त्यानंतर जितके दिवस औषधाच्या वेष्टनावर सांगितले असेल तितके दिवस ते दूध संकलनाला घालू नये. ते दूध आपलीच आणि दुसऱ्याची पोरे पितात.

लेप लवकर सुरू झाला आणि त्यानेच काम भागले तर औषधाचा खर्च वाचतो, दूधही फेकावे लागत नाही. हळदीचा खरा फायदा इथे आहे. म्हणून रोग लवकर ओळखणे महत्त्वाचे. दररोज प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर काढून बघा. गाठी, कण असतील तर लगेच दिसतात. वरून काहीच न दिसणारी छुपी दगडीही असते. दूध नुसतेच कमी होते. तिच्यासाठी सी.एम.टी. नावाची सोपी चाचणी आहे. दुधात द्रावण मिसळायचे, घट्ट बुळबुळीत झाले की रोग आहे. दूध संघाचे कर्मचारी किंवा डॉक्टर ती करून देतात.

आणि बिनखर्चाचे एक काम : धार काढल्यावर सडाचे तोंड सुमारे अर्धा तास उघडे असते. त्या वेळी गाय शेणामुतात बसू नये म्हणून धार झाली की पुढ्यात वैरण टाका. ती उभी राहून खाईल, तोवर सड मिटतील.

बैलाचा खांदा

आता हंगामाकडे वळू. आपल्या केन यार्डात टायरगाड्यांची रांग लागते तेव्हा मी मुद्दाम बैलांच्या मानेकडे बघत जातो. कुणाचा खांदा सुजलेला, कुणाचा सोललेला. एकदा एका गाडीवानाने सोललेल्या खांद्यावर ट्रॅक्टरचे जळके ऑईल चोपडले होते. म्हणाला, "माशी बसत न्हाई." माशी बसत नाही हे खरे, पण त्या ऑईलने कातडी जळते, विषारी द्रव्ये जखमेत जातात आणि जखम चिघळते. हे बंद झाले पाहिजे.

खांद्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत.

सूज आहे, कातडी फाटलेली नाही : पहिल्या दोन-तीन दिवसांत थंड पाण्याची धार दिवसातून चार-पाच वेळा सोडावी. नंतर कोरफडीच्या गरात हळद कालवून पातळ लेप द्यावा. सूज मऊ पडून आत पू झाल्यासारखे हाताला लागले तर घरी ब्लेड लावू नका, डॉक्टरांकडून फोडून घ्या.

कातडी सोलली आहे, उघडी जखम आहे : इथे चुना नको, पाण्यातली हळद नको. तेलातली हळद हवी. दुग्धविकास मंडळाने जनावरांच्या जखमांसाठी सुचवलेले तेल असे : अर्धा लिटर खोबरेल किंवा तिळाचे तेल, हळद २० ग्रॅम, लसूण १० पाकळ्या आणि कडुलिंब, तुळस, मेंदी, खोकली (कुप्पी) यांचा पाला प्रत्येकी मूठभर. वाटून तेलात उकळावे आणि पूर्ण गार करावे. जखम स्वच्छ धुऊन, कोरडी करून हे तेल लावावे. तेलामुळे हळदीचा गुण जखमेत उतरतो आणि जखम कोरडी पडून तडकत नाही. जखमेत किडे पडले असतील तर पहिल्या दिवशी कापूर घातलेले खोबरेल किंवा सीताफळाच्या पाल्याची चटणी लावावी आणि डॉक्टरांना दाखवावे, कारण किडे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. खोल जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही त्यांना विचारावे.

पण बंधूंनो, खांद्याचे पहिले औषध विश्रांती हेच आहे. सकाळी हळदीचे तेल लावायचे आणि दुपारी त्याच खांद्यावर जू ठेवायचे, याने जगातले कोणतेही औषध लागू पडणार नाही. तोडणी मजूर बांधवाला एक दिवस गाडी बंद ठेवणे किती जड जाते हे मला ठाऊक आहे. उचल फेडायची असते. म्हणून दुखणे येण्याआधीच बघावे : जू गुळगुळीत आहे का, खडबडीत जागी जाड कापड गुंडाळले आहे का, दोन्ही बैल सारख्या उंचीचे आहेत का, गाडीत बैलांच्या ताकदीबाहेर ऊस भरला नाही ना. आपल्या शेतावर टोळी आलेली असेल तर मालक म्हणून आपणही त्या मानेकडे एकदा बघावे. तो बैल आपलाच ऊस ओढतो आहे.

लाळ-खुरकूत आणि लम्पी

तोंड-खूर आले की जिभेवर, हिरड्यांवर फोड येतात, जनावराला खाता येत नाही. त्यासाठी जिरे, मेथी, मिरे आणि हळद प्रत्येकी १० ग्रॅम, लसूण ४ पाकळ्या, एक नारळ आणि गूळ १२० ग्रॅम असे मिश्रण सुचवलेले आहे. जिरे, मेथी, मिरे अर्धा तास भिजवून वाटावेत, त्यात बाकीचे मिसळून खोवलेला नारळ घालावा आणि जिभेवर, टाळूवर हलक्या हाताने चोळून चारावे. प्रत्येक वेळी ताजे करावे. खुरांच्या जखमांना वर सांगितलेले तेल चालते.

२०२२ साली लम्पी आली तेव्हा आपल्या भागात घरोघर हळदीचे लेप चालले होते. अंगावरच्या गाठी फुटून झालेल्या जखमा सांभाळायला त्याचा उपयोग होतो. पण हळद लावली म्हणून रोग येत नाही, असे समजून काहींनी लस टाळली. हे दोन्ही रोग विषाणूंचे आहेत. हळदीने ते अडत नाहीत, लसीने अडतात. लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी आणि लम्पीची डॉक्टर सांगतील त्या वेळी टोचून घ्यावी. आजारी जनावर वेगळे बांधावे, बाजारात नेऊ नये.

पोटात हळद : आशा थोडी ठेवा

"रोज मूठभर हळद पेंडीत घातली तर गाय आजारीच पडत नाही," असे सांगणारे भेटतात. खाल्लेल्या हळदीतले कुरकुमीन रक्तात फारच थोडे जाते, बरेचसे शेणावाटे बाहेर पडते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिऱ्यातील पायपरीन या द्रव्याबरोबर दिल्यास ते जास्त शोषले जाते असे दिसले. पण तो प्रयोग उंदरांवर आणि माणसांवर होता, चार कप्प्यांच्या पोटाच्या गाईवर नव्हे. तरी जुन्या मिश्रणांत हळदीबरोबर मिरे आणि तेलकट नारळ का असतो, याचा उलगडा त्यातून थोडाफार होतो.

कोंबड्यांच्या खाद्यात बुरशीचे विष असता हळदीने त्याचा त्रास काही अंशी कमी झाल्याचे प्रयोग आहेत. म्हणून बुरशी आलेली पेंड हळद लावून गाईला घालावी असा अर्थ कुणी काढू नये. बुरशी आलेली पेंड उकिरड्यावरच गेली पाहिजे.

थोडक्यात, पोटात हळद द्यायची तर सांगितलेल्या मिश्रणात, सांगितलेल्या मापाने आणि थोडेच दिवस. रोज मुठी मुठी घालून पैसे मातीत घालू नका. त्यापेक्षा तेच पैसे खनिज मिश्रणावर घाला. आणि एक धोका : बांबूच्या नळीने किंवा बाटलीने पातळ औषध घशात ओतू नका. जनावराची मान वर ताणली आणि त्याने खोकला काढला की औषध फुप्फुसात जाते व न्यूमोनिया होतो. गुळात लाडू करून चारलेले बरे.

हळद कोणती घ्यावी

औषधाला घरची हळद उत्तम. ज्यांच्याकडे पीक आहे त्यांनी विक्रीला जाण्यापूर्वी, रंग न लावलेली एक-दोन किलो हळकुंडे गोठ्यासाठी बाजूला काढावीत आणि लागेल तशी दळावीत. ज्यांच्याकडे पीक नाही त्यांनी शेजाऱ्याकडून हळकुंडे घ्यावीत.

सुट्या पुडीत पिठाची आणि पिवळ्या रंगाची भेसळ असू शकते. हळकुंडे चकचकीत दिसावीत म्हणून लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी रंग लावल्याचे प्रकार आपल्या देशात आणि बांगलादेशात आढळले आहेत. शिसे माणसालाही विष आणि जनावरालाही. घरी एक परीक्षा करता येते : पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकून न हलवता ठेवा. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर संशय घ्यावा. अख्खे हळकुंड पाण्यात टाकताच पिवळ्या धारा सुटल्या तर तेही वापरू नये. देवाला उधळायची स्वस्त पिवळी पूड तर औषधाला कधीच वापरू नका.

गोठ्याची वही

आता सुरुवातीला राहिलेला धडा. आपण उसाची लागण तारीख, जात, खताचे हप्ते लिहितो. गाईचे काही लिहीत नाही. कोणत्या सडाला कधी दगडी झाली, लेप केव्हा सुरू केला, किती वेळा लावला, किती दिवसांत फरक पडला, की डॉक्टर लागले, हे कुणालाच आठवत नाही. मग ज्या गाईला बरे वाटले तिचीच गोष्ट गावभर होते, जिचा सड गेला तिची होत नाही. हळदीबद्दलचे निम्मे गैरसमज यातूनच आले आहेत. माझ्या गाईचीही गोष्ट मी इतकी वर्षे कुणाला सांगितली नव्हती.

म्हणून विनंती आहे. एक साधी शंभर पानी वही गोठ्यात खुंटीला अडकवा. तारीख, जनावर, सड किंवा जखम, काय लावले, काय झाले, एवढ्या पाच गोष्टी लिहा. घरातली शाळकरी मुलगी किंवा सून हे काम उत्तम करील, कारण जनावराकडे तिचेच जास्त लक्ष असते. डॉक्टर आले की ती वही त्यांच्यापुढे ठेवा, त्यांचाही उपचार नेमका होईल. मी प्लॉट बघायला येईन तेव्हा मलाही दाखवा. चांगले आणि वाईट, दोन्ही अनुभव पुढच्या एखाद्या अंकात सर्वांपुढे ठेवू.

आमच्या घरी ती वही आता आहे. पहिल्या पानावर आईच्या सांगण्यावरून मी एकच ओळ लिहिली आहे : "आधी सड पिळा, मग हळद लावा, आणि गाईनं चारा सोडला तर कुणालाही न विचारता डॉक्टरला बोलवा."



आपला,
ऊस विकास अधिकारी